प्रवाळबाबांचे खारे तीर्थ

हुडकेश्वरच्या त्या सभागृहात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. समुद्र नागपूरपासून किती लांब आहे हे शाळेत शिकलेली माणसे तिथे एका काचेच्या समुद्रापुढे हात जोडून बसत. भिंतभर टाकी, निळा उजेड, आत डोलणारी प्रवाळे. बाजूला उंच चौरंगावर झेंडूच्या हारांत बुडालेली एक उभी काचेची नळी, तिच्यात पांढरे खडे. खालून बुडबुडे निघत आणि एका तोटीतून पाणी थेंब थेंब चांदीच्या लोट्यात पडे.

"हे बुडबुडे नाहीत, बाळांनो," प्रवाळबाबा डोळे मिटून सांगत. "समुद्रतळाशी अगस्ती ऋषी बसले आहेत. हा त्यांचा श्वास! मागच्या पौर्णिमेला खडे या कुंकवाच्या रेघेपर्यंत होते. आज कुठे आहेत?"

"खाली गेले!" सभागृह दणाणे.

"जिथे दगड विरघळतो, तिथे मूतखड्याची काय बिशाद?"

अगस्तींनी समुद्र पिऊन टाकला होता एवढेच मी ऐकून होतो. ते तळाशी राहायला कधी गेले, हे विचारायची सोय नव्हती. प्रश्न विचारणाऱ्याचा खडा मोठा होतो, असे बाबांनी आधीच जाहीर केले होते.

आमच्या शेजारच्या जिजाबाई पहिल्या रांगेत असत. त्यांचा खडा मूत्रपिंडाच्या नळीत अडकला होता. लवकर काढला नाही तर मूत्रपिंड जाईल, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. मी समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "भाऊ, बाबाचा दगड विरघळताना मले डोळ्यानं दिसते. डॉक्टरचं काय दिसते? बिल."

त्यांची मुलगी मयुरा रसायनशास्त्र शिकली आणि शोभेच्या माशांचे दुकान चालवते. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली, ती दात आवळूनच.

"काका, थे खड्यांच्या नळीचं मशीन मी बसवलं. आश्रमाची टाकी हाये म्हणून मन लावून बसवलं. न् थे माणूस त्यातलं खारं पाणी लोकाले पाजून राहिला! माह्या आईले!"

"मग काढून आण."

"नाई. मले मशीन नाई काढायचं." ती गोड हसली. "मले त्याले थे पाणी पाजायचं हाये."

मी निवृत्त माणूस. इतका चांगला कार्यक्रम चुकवणे मला शक्य नव्हते.

पुढच्या गुरुवारी मशीनची देखभाल करायला मयुरा भर सभेत हजर झाली. बाबांनी "सागरकन्या आली" म्हणून तिचे स्वागतही केले. पुढच्या रांगेत गोपाळराव सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत होते.

"काकाजी, चुना द्या जरा."

"तू कवापासून खाऊन राहिली वं?" गोपाळरावांनी डबी पुढे केली. तिने चुना पाण्याच्या बाटलीत ढवळला आणि बाटली बाजूला ठेवली. भजन संपेस्तोवर चुना खाली बसला. वरचे नितळ पाणी तिने पेल्यात ओतले, झेंडूचे हार बाजूला सारले आणि त्यांच्यामागची बुडबुड्यांची बारीक नळी काढून पेल्यात सोडली. बुडबुडे आले. पाणी पांढरे झाले.

"दूध!" कोणीतरी ओरडले.

बाबांनी क्षणही दवडला नाही. "क्षीरसागर! पाहा, क्षीरसागर प्रकटला!"

टाळ्या पडल्या. मयुराने त्या पूर्ण पडू दिल्या.

"थांबा महाराज, अजून बाकी हाये." बुडबुडे येत राहिले. दूध फिके झाले, आणखी फिके झाले आणि शेवटी पेला पुन्हा नितळ. "तुमचा क्षीरसागर कुठं गेला?"

मयुराने चौरंगाभोवतीचे रेशमी कापड बाजूला ओढले. खाली लोखंडी सिलिंडर उभा होता.

"हे तुमचे अगस्ती. सोड्याच्या बाटलीत असते थोच गॅस, कार्बन डायऑक्साइड. पाण्यात मिसळला का पाणी आंबट होते, न् त्यात हे खडे हळूहळू विरघळते. खडे म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा चुरा. गोपाळकाकाच्या चुन्याच्या पाण्यात आता आलेला पांढरा चुरा जसा विरघळला, तसंच याचं. जित्या प्रवाळाले अंग वाढवायले कॅल्शियम लागते, म्हणून हे पाणी टाकीत सोडायचं असते. माणसाच्या पोटात नाई!"

"पण माहा खडा?" जिजाबाईंनी विचारले.

मयुराने खड्यांची काचेची नळी उघडली आणि चुऱ्यात पुरलेली इवलीशी जाळीची पिशवी काढली. "हा मागच्या साली तुह्या पोटातून पडलेला खडा, आई. मागच्या देखभालीले आली तवा मीच याच्यात टाकून ठेवला होता. बाकीचा चुरा झिजला. हा पाह्य, कोर बी मोडली नाई. हा ऑक्सलेटचा हाये. या पाण्याले जुमानत नाई."

"श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

जिजाबाई उठल्या. लोटा घेऊन त्या बाबांपुढे उभ्या राहिल्या.

"माही कमी पडली असन, महाराज. तुमची तं पक्की हाये. हा लोटा पुरा प्या. तुम्ही पिले तं मी ऑपरेशन करत नाई."

मयुराचा चेहरा पांढरा पडला. पाजायचे तिला होते, पण आईचे मूत्रपिंड पणाला लावून नव्हे. बाबांनी आपला व्यवस्थापक दुर्गेश याच्याकडे पाहिले. दुर्गेशने मोबाइलकडे पाहिले. शेवटी बाबांनी लोटा तोंडाला लावला, एक मोठा घोट घेतला, डोळे फिरवले आणि तो घोट स्वतःच्या रेशमी उपरण्यावर सांडला.

"आज... आज आमचा उपवास आहे."

"मी रोज पित होती," जिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "उलट्या झाल्या तं म्हणत होते, खडा निघून राहिला." मग उरलेला लोटा त्यांनी बाबांच्या डोक्यावर सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, अभिषेक करावा तसा रिकामा केला. "चाल वं मयुरा. डॉक्टरले फोन लाव."

मी पुष्कळ अभिषेक पाहिले आहेत. इतका मनोभावे केलेला दुसरा नाही.

जिजाबाईंचे ऑपरेशन झाले, मूत्रपिंड वाचले. तीर्थ पिऊन आजार वाढलेल्या भक्तांनी पोलिसांत तक्रार दिली. त्यांचे जबाब नोंदवले जाताना मयुरा रोज तिथे बाकावर बसून राही, एकही शब्द चुकू नये म्हणून.

आता एक साधी गोष्ट. त्या सभागृहात कोणाचेही डोळे फसले नव्हते. दगड खरोखरच विरघळत होता. भक्त फसले ते त्यापुढच्या उडीत: नळीतला विरघळला म्हणजे पोटातलाही विरघळेल, हे कोणी तपासले नाही. डोळ्यांना दिसले तरी विचारा, कशाने झाले? आणि माझ्या दुखण्याशी त्याचा काय संबंध? प्रश्नाने खडा मोठा होत नाही. उशिराने होतो. दुखत असेल तर दवाखान्यात जा.