माझ्या डाव्या चाकातली खट्

मित्रांनो, मी एक जुनी चारचाकी आहे. वय म्हणाल तर तेवीस वर्षं. माझा मूळ रंग आकाशी होता. आता टपावर तो धुऊन धुऊन विटलेल्या शाळेच्या शर्टासारखा दिसतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. या टोकाला मी नुसता पत्र्याचा सांगाडा होते आणि त्या टोकाला पोहोचेपर्यंत चार चाकांवर उभी राहिले होते. तिथल्या एका बाईंनी माझे दरवाजे दोन-दोनदा उघडून लावून पाहिले आणि काचेवर खडूने बरोबरची खूण केली. ती माझी पहिली शाबासकी.

मला घेतलं ते रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. आमचे गॅरेजवाले मिस्त्री त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणते. काकू कापडगिरणीत मागावर होत्या. पुढे तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. त्यांची एकुलती एक लेक तेव्हा तिसरीत होती. माझ्या मागच्या सीटवर तिने पाढे पाठ केले, दोनदा उलट्या केल्या आणि पेन्सिलीने गादीला एक भोकही पाडलं.

ते माझे कामाचे दिवस होते. चादरीत गुंडाळलेले रेडिओ मी घरोघर पोचवले. शेजारच्या बाळंतिणींना दवाखान्यात नेलं. एका नवबापाने तर आनंदाच्या भरात काकांच्या आधी माझंच बॉनेट थोपटलं होतं.

वर्षं सरली. काकांनी दुकान बंद केलं, लेक नोकरीला लागली. मला आता आठवड्यातून एकच फेरी उरली. दर गुरुवारी काका काकूंना काकूंच्या थोरल्या बहिणीकडे, ताईंकडे, नेत. ताई टेकडीपलीकडे राहायच्या आणि दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून होत्या. काकू गेल्या की त्यांचे केस विंचरून वेणी घालायच्या. ताई दुसऱ्या कुणाला केसांना हात लावू देत नसत.

अशाच एका गुरुवारी माझ्या डाव्या चाकाच्या आत खट् झालं.

मित्रांनो, मला दुखत होतं. पण मला बोलता कुठे येतं? खट् एवढा एकच शब्द माझ्याजवळ होता आणि तोही मला हवा तेव्हा उच्चारता येत नव्हता. काकांनी मान तिरकी करून कान दिला. पुढच्या वळणावर मी गप्प.

काका मला मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी मला एकट्यानेच खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून फिरवून आणलं. मी मुकाट चालले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला वर उचलून चाकं हलवून पाहिली. काही सापडलं नाही. मग एका रविवारी लेकीने स्वतः मला चालवून पाहिलं. ती भरधाव जाते आणि कचकन ब्रेक दाबते. तेव्हाही आवाज नाही.

"बाबा, गाडीत काही नाही," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच भास होतो. आणि खरं सांगू? या वयात तो टेकडीचा रस्ता नकोच. देऊन टाकू या ही गाडी."

"अगं, पण मी ऐकलंय," काका म्हणाले.

"आईने ऐकलं का?"

काकांचा एकुलता एक साक्षीदार ठार बहिरा होता.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते पुढे. ज्या माणसाने आयुष्यभर रेडिओतली बारीकशी खरखर पकडली, तो आपल्याच कानांवर शंका घेऊ लागला. काकांनी माझी चावी कपाटात ठेवली. माझ्यावर कापड पडलं. तीन गुरुवार मी जागची हलले नाही. टायरची हवा उतरली, आरशाशी कोळ्याने जाळं विणलं. पलीकडे ताई वाट पाहत होत्या.

चौथ्या गुरुवारी काकूंनी माझ्यावरचं कापड ओढून काढलं. हातात चावी होती आणि चेहऱ्यावर राग.

"अहो, तीन गुरुवार गेले, ताईचे केस विंचरले नाहीत! गाडीचं काय ते बघा एकदाचं."

काकांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलं, 'आवाज येतो. फक्त मलाच.'

काकूंनी कागद वाचला. "आवाजाचं मला काय माहीत? पण माझ्या डाव्या पायाखाली धक्का बसतो. कधीपासूनचा बसतो."

काकांनी पुढे लिहिलं, 'मग बोलली का नाहीस?'

"मला वाटलं, तुम्हालाही लागत असेल! गिरणीत माग बिघडला की मला कानांनी थोडाच कळायचा? तळव्यांनी कळायचा."

तासाभरात आम्ही तिघं गॅरेजच्या दारात होतो. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"काका, माझ्याकडे येता तेव्हा तुम्ही एकटे असता. आवाज येतो तेव्हा काकू शेजारी असतात. बरोबर?"

"बरोबर."

"आणि काकू असल्या की तुम्ही ब्रेक कसा लावता?"

काका जरासे लाजले. "हळूच. तिची कंबर दुखते ना."

मिस्त्री हसले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "चला. आज मला पाहुणा समजा. चालवा नेहमीसारखी."

काकूंनी चपला काढून तळवे माझ्या तळाशी टेकवले. शाळेपुढच्या उतारावर काकांनी हलकेच ब्रेक दाबला आणि सोडला.

"आत्ता!" काकूंनी बोट वर केलं.

मिस्त्रींना काही ऐकू आलं नाही. पुन्हा उतार, पुन्हा बोट. तिसऱ्या वेळी ते पुढे वाकले, कान काकूंच्या सीटमागे नेला आणि एकदम ओरडले, "आला! आला, काका!"

गॅरेजात परतल्यावर त्यांनी माझ्या डाव्या चाकामागे लोखंडी पहार घालून जोर लावला. चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा धक्के झेलणारा रबरी बुश आतून फाटला होता. शेजारी भार पडला आणि ब्रेक हळू सुटला की दांडा सरकून आपटत होता. त्याच्या टोकाचा सांधाही पार झिजला होता. मिस्त्रींनी तो सांधा हातावर घेऊन काकांना दाखवला.

"टेकडीवर निसटला असता ना, तर चाक आडवं झालं असतं."

काका जवळच्या टायरवर बसले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

नवा दांडा बसला. संध्याकाळी लेक आली. मिस्त्रींनी दिलेला जुना सांधा तिने उलटसुलट करून पाहिला. मग काकांच्या शेजारी पायरीवर बसून म्हणाली, "बाबा, आणखी काय काय खटकतंय तुम्हाला? सांगा. मी ऐकते."

काका बराच वेळ सांगत होते. गुडघ्याचं, एकटेपणाचं, बंद केलेल्या दुकानाचं. तिने एकदाही त्यांना मध्येच तोडलं नाही.

मित्रांनो, मला फार मागायचं नाही. तेल-पाणी बघा, हवा भरा, एवढं पुरे. पण तुमच्या घरात कुणी म्हणालं, 'मला इथे दुखतं,' आणि तुम्हाला तिथे काहीच दिसलं नाही, तर लगेच 'भास होतो' म्हणू नका. जरा त्याच्या शेजारी बसा, त्याच्या वेगाने थोडं अंतर चाला. कदाचित ज्याला दुखतंय तो खरं बोलत असेल आणि आपणच चुकीच्या वेळी ऐकत असू.