काविळीची माळ

खाडीवरच्या दामाजी कोळ्याचा घसा सुजला, तसा तो ठाण्यातल्या डॉक्टरांकडून हट्टाने रोज पेनिसिलिनची सुई टोचून घेऊ लागला. नुसत्या गोळ्यांनी बरा होणारा माणूस त्याच्या लेखी आजारीच नव्हता. घशाची सूज उतरली, पण सुई सुटेना. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि चार पावलांत धाप.

बायको मनुबाईने त्याला कल्याणच्या माळवाल्याकडे नेलं. त्याने गळ्यात माळ घातली. "माळ लांबेल तशी कावीळ उतरेल. तवर सुई बंद!"

सुई बंद झाली, माळ बेंबीपर्यंत लांबली आणि दामाजी पुन्हा होडीवर गेला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्याचं रक्त तपासून म्हणाल्या, "अहो, त्या सुईमुळे तुमचं शरीर स्वतःचंच रक्त फोडत होतं. सुई थांबली म्हणून वाचलात. पुन्हा घेऊ नका."

दामाजीला बाईंची कीव आली. एवढं शिकून यांना गळ्यातली माळ दिसू नये?

पुढल्या वर्षी घसा परत सुजला. या खेपेला दामाजीने शहाणपणा केला. आधी कल्याणला जाऊन माळ घालून आला, आणि मगच सुई टोचून घ्यायला ठाण्यातल्या डॉक्टरांपुढे कंबर केली.