यापुढच्या प्रकरणांना

कायदे आमदार करतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कायद्याचे शब्द काही आभाळातून पडत नाहीत. ते कुणाला तरी बसून लिहावे लागतात. ही गोष्ट ज्या राज्यातली, तिथे बऱ्याचदा ते वकिलांची संघटना लिहून द्यायची, आणि संघटनेत हे काम वर्षानुवर्षं एकाच माणसाच्या गळ्यात पडलं होतं. त्यांना सगळे दुरुस्तीकाका म्हणत. चहा मागवायची चिठ्ठीसुद्धा ते खाडाखोड केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत.

या वेळचं विधेयक म्हाताऱ्या माणसांचं होतं. एखाद्याला आता आपला कारभार झेपत नाही, असं घरच्यांनी म्हटलं आणि डॉक्टरांचा दाखला जोडला, की न्यायाधीश त्याच्यावर पालक नेमत. मग घर, औषध, राहायची जागा, सगळं पालक ठरवणार. त्या माणसाला न्यायाधीशांनी एकदा तरी डोळ्यांनी पाहावं, अशी सक्ती नव्हती; ती आता आणायची होती. काकांची थोरली बहीण अशीच, कोर्टाची पायरी न चढता, मुलाच्या ताब्यात गेली होती. भाच्याने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. बोलायला ती ठणठणीत होती आणि घरी जायचं म्हणत होती. पण निकाल लागून गेला होता, आणि लागलेला निकाल पुन्हा उघडायला कायद्यात फटच नव्हती.

काकांनी हे संघटनेच्या अध्यक्षीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. यात माझा स्वार्थ आहे, दुसरा कुणी बघा, म्हणाले. बाई म्हणाल्या, म्हातारं माणूस कुणाच्या घरात नाही? आणि लिहायला तयार असलेला दुसरा कुणी असेल तर त्याचं नाव सांगा. तसा कुणी नव्हताच.

मग दोन वर्षं गेली. संघटनेची रीत अशी, की मजकूर एकेका शाखेपुढे जायचा: कुटुंबाचे खटले चालवणारे, मालमत्तेचे, बँकांचे. सगळ्या शाखांनी होकाराचे हात वर केले, तरच तो संघटनेचा म्हणून आमदारांपुढे ठेवायचा. बँकवाल्यांनी नाकात दम आणला. न्यायाधीशांनी ‘शक्य असल्यास’ भेटावं, एवढंच लिहा, म्हणायचे. काका डोक्यावर बर्फ ठेवून ऐकायचे, घरी जाऊन आडवे व्हायचे, पुन्हा यायचे. शेवटी भेटण्याची सक्ती टिकली. हात वर झाले.

विधिमंडळाच्या समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि टिचकी मारल्याशिवाय न बोलणारा माइक. आमदारांपैकी एक बाई पूर्वी शिक्षिका होत्या. ओळीखाली बोट धरून त्या मसुदा वाचत होत्या. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. हा कायदा लागू झाल्यानंतर दाखल होणाऱ्या प्रकरणांनाच तो लागू राहील, असं तिथे होतं.

“म्हणजे ज्यांचे निकाल लागून गेलेत, त्यांना नाही?”

काकांनी आपली प्रत शेवटच्या पानावर उलटली. ती ओळ संघटनेच्या प्रत्येक मसुद्याच्या शेवटी असायची. हाताला सवयच होती तिची. सगळ्या शाखांनी ती वाचली होती आणि कुणीच वाचली नव्हती. आपल्याच घरच्या उंबरठ्याकडे कोण बघतं? मधल्या शब्दाशब्दासाठी काका भांडले होते, आणि शेवटी आपल्याच हाताने त्यांनी ताईला बाहेर ठेवलं होतं.

चूक झाली, ओळ काढा, असं म्हणता आलं असतं. पण मग ज्याला सगळ्यांनी हात वर केले तो हा मजकूर राहिला नसता. तो पुन्हा शाखांकडे गेला असता आणि हे अधिवेशन हातचं गेलं असतं. मागच्या रांगेत बँकांचे वकील नेमके त्याच आशेवर बसले होते. आणि तोवर आणखी कितीजणींवर न पाहताच पालक बसले असते.

काका पाणी प्यायले. “हो,” ते म्हणाले. “यापुढच्याच प्रकरणांना.”

“आणि जुन्यांचं काय?”

“त्यावर संघटनेने अजून काही ठरवलेलं नाही.”

समितीने मसुदा मान्य केला. बाहेर बँकवाल्यांनी हात मिळवला. एकही दुरुस्ती सुचवली नाहीत हो, म्हातारे झालात, असं वर म्हणाले.

काका तिथून थेट वृद्धाश्रमात गेले. ताई वाटच बघत होती. लहान पोराला सांगावं तसं त्यांनी तिला सगळं नीट सांगितलं.

“म्हणजे उद्या येईल तिला न्यायाधीश भेटणार. मला नाही.”

“हो.”

“लिहिलं कुणी असलं?”

“मीच.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “लहानपणी आपली पाटी पुसता पुसता माझीपण पुसायचास,” ती म्हणाली. “मग आता जुन्यांचं लिही.”

काकांनी सांगितलं, पुन्हा सगळ्या शाखा, पुन्हा तेच बँकवाले, आणखी दोन वर्षं तरी जातील. “दमलोय गं, ताई.”

“मग दम खा की. मी कुठं जातेय? पोराच्या सहीशिवाय मला फाटकाबाहेर सोडत नाहीत.”

काकांना हसू आलं, आणि ते लवकर आवरेना. त्यांनी बूट काढले. तिने पायाने आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. काकांनी त्यावर पाय टेकवले. मग काकांनी विचारलं, जुने म्हणजे किती जुने धरायचे?

“मला धरून,” ताई म्हणाली.