ठेवणीतला गॉगल

मित्रांनो, मी एक गॉगल आहे. वयाने जुना असलो तरी अजून झोकात दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो. जन्माला आलो उन्हासाठी आणि ऐन उमेदीची वर्षं घालवली कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात! सांगायलासुद्धा लाज वाटते.

१९९६च्या उन्हाळ्यात मी नाशिकला मेनरोडवर, हबीबभाईंच्या दुकानात होतो. तिथे मखमलाबादची लंकाबाई नवऱ्याला, गोटीरामला, घेऊन आली. झेंडूच्या मळ्यात उन्हातान्हात राबून तिच्या डोळ्यात वडस, म्हणजे मांसाचा पापुद्रा, वाढू लागला होता. ते मांस बाहुलीवर चढलं तर नजर जाईल, गॉगलशिवाय उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गोटीरामने सगळ्यात काळाकुट्ट गॉगल उचलला. "हा घे. जेवढा काळा तेवढं ऊन कमी."

"दादा, रंगावर जाऊ नका," हबीबभाई म्हणाले. "नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली अंधार समजून मोठी होते, मग घातक किरण उलट जास्त आत शिरतात. ते अडवणारी काच घ्या."

त्यांनी मला पुढे केलं. तपकिरी काच, कडांना जरासा बाक. लंकाबाईने मला घालून आरशात पाहिलं आणि गालातल्या गालात हसली. "मला हाच पायजे. लय भारी हाय!" मी तर तिथेच हुरळून गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्याकडे निघालो. वाटेत शेजारची मंगलाबाई ओरडली, "अगं बया! हिरॉईन निघाली का झेंडू तोडायला?" बायका खो खो हसल्या. लंकाबाईही हसली, पण मळा यायच्या आधीच तिने मला काढून पदरात गुंडाळलं. घरी आल्यावर म्हणाली, "एवढी चांगली वस्तू मातीत कशाला? ठेवणीत राहू दे. लग्नाकार्याला घालीन."

झालं! पैठणीशेजारी माझी रवानगी झाली. लग्नात मांडवाच्या सावलीत ती मला घालून मिरवायची. "काय रुबाब आहे लंकाबाईचा!" असं लोक म्हणायचे. मला मात्र मळा पाहायचा होता. कपाटाबाहेर तिची पावलं वाजली की वाटायचं, आज नेईल. पावलं तशीच उन्हात निघून जायची. फार जीव तुटायचा हो.

वडस वाढतच गेला. ऑपरेशन झालं, पण उघड्या डोळ्यांनी उन्हात राबणं काही थांबलं नाही. वडस परत आला आणि बाहुलीवर चढला. एका दसऱ्याच्या तोडणीला तिने फुलांसोबत मुठीमुठीने कळ्याही तोडल्या. गोटीरामने तिच्या हातातली पाटी काढून घेतली.

त्या दिवशी तिने चाचपडत कपाट उघडलं आणि "मळ्यात जाताना घालत जा," म्हणत मला सुनेच्या, दीपमालाच्या, हातात ठेवलं.

"आई, शेतात खराब होईल हा. लग्नाला घालीन मी."

"होऊ दे त्याला खराब!" लंकाबाई कधी नव्हे ती ओरडली. "तो परत मिळंल. डोळं कुठून आणशील?"

मित्रांनो, तुमच्याही घरात काही ठेवणीत पडलं असेल. ज्या कामासाठी आणलं त्या कामाला ते लावा, वेळ निघून जायच्या आत. मी आता रोज मळ्यात जातो, घामाने भिजतो, मातीने माखतो. पण ज्या डोळ्यांसाठी मला निवडलं, त्यांना हे पिवळंधमक रान माझ्या काचेतून एकदाही दिसलं नाही. लंकाबाई बांधावर बसून सुनेला विचारत राहते, "लाल जास्त फुललाय का पिवळा? सांग ना गं."