गोरक्ष हळदीत नाचला

नामपूरला स्नेहलच्या हळदीत डीजे वाजायला लागला, तसा तिचा भाऊ गोरक्ष मागे सरकला. नशेच्या गोळ्या घेतल्याशिवाय तो आजवर एकाही लग्नात नाचला नव्हता. आणि आता नाशिकच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर हे घरातलं पहिलंच लग्न.

तेवढ्यात जुना दोस्त समाधान त्याला मांडवामागे घेऊन गेला आणि त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "एकच घे. त्याबिगर तुला नाचता येनार हाय का?"

गोरक्षचा हात पुढे झालाच होता. पण केंद्रातल्या ताईंनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, की वाद घालत बसायचं नाही, नाही म्हणायचं आणि तिथून निघायचं.

"नाय!" म्हणत तो जो पळत सुटला, तो थेट नाचणाऱ्यांच्या मधोमध शिरला. समोर सिंधुआत्या होती.

"आत्या, मला धर! सोडू नको!"

आत्यानं त्याचे दोन्ही हात धरून त्याला गरगर फिरवलं. त्याचे पाय एकीकडे, गाणं दुसरीकडे. फोटोग्राफरच्या पायावर पाय पडला, स्वतःची टोपी उडाली. हळदीनं माखलेली स्नेहल पोट धरून हसत ओरडली, "दादा, तुला तर नाचताच येत नाय!"

"नाय ना!" गोरक्ष दुप्पट आनंदानं ओरडला. "मला पण आजच कळलं!"

मांडवाच्या कडेला समाधान अजून खुणावत होता. गोरक्षनं तिकडे पाठ केली आणि नव्या गाण्यावर आत्यालाच गरगर फिरवायला घेतलं.