कुसुमची चावी

हिवाळ्यात आमच्या खोलीत सकाळचा उजेड यायचा तो कुसुमच्या साडीतून गाळून. ती प्रसूतिगृहात आया होती. कामावरची पांढरी साडी ती पहाटेच धुवायची आणि दोन्ही हातांनी एकदाच फटकारून गॅलरीतल्या तारेवर घालायची. तार आमच्या दारावरून जायची. तो फटकारा मला अर्धवट झोपेत ऐकू यायचा, ओल्या कापडाचा असूनही कोरडा. मग समोर, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीवर आपटून परतलेलं ऊन त्या साडीतून आरपार यायचं आणि आमच्या भिंतीवर सांडलेल्या दुधासारखं सावकाश पसरायचं. आई म्हणायची, सकाळ कशी निवांत वाटते. मला वाटायचं, आपल्या घरात उजेडसुद्धा हिला विचारून येतो.

माझी नोकरी वर्तमानपत्रात, डेस्कवर झाली. इतरांनी लिहिलेल्यातली चूक पकडायची, नाव-आडनाव तपासायचं, विशेषण दिसलं की काढायचं, हे माझं काम. त्या सवयीला धरून कुसुमबद्दलही नोंदीपुरतंच लिहिणार आहे. पहिली नोंद माझ्याबद्दलची आहे. मला तिचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

डिलाईल रोडच्या आमच्या तीन मजली चाळीत आम्ही दोघी एकाच वर्षी जन्मलो, वरच्या मजल्यावर, लाकडी भिंतीच्या दोन बाजूंना. आमच्याकडे देव्हारा होता, त्यात गणपती आणि गावाहून आणलेले टाक. तिच्याकडे एक फळी होती आणि तिच्यावर दोन तसबिरी, एक मिटल्या डोळ्यांची, दुसरी निळ्या कोटातली, चष्म्याची. पौर्णिमेला ती फळीवर दोन मेणबत्त्या लावायची आणि वंदना म्हणायची. तिचा आवाज गोड नव्हता, पण तो कुठे चढत नसे की उतरत नसे, कोऱ्या वहीवर पट्टी धरून ओढलेल्या रेघेसारखा सरळ जायचा. भिंतीच्या अलीकडे माझी आई खोकला दाबून ऐकत राहायची. आमच्या देव्हाऱ्यापुढे मागणी असायची, नोकरीची, पगाराची, माझ्या न झालेल्या लग्नाची. कुसुम काहीच मागत नसे. पाच गोष्टी करणार नाही, असं ती रोज स्वतःला सांगायची आणि मग दिवसभर त्या न करण्याच्या कामाला लागायची. इतका साधा व्यवहार असलेली श्रद्धा मी दुसरी पाहिली नाही. मला तर कुठल्याही गोष्टीच्या दोन बाजू दिसायच्या, आणि दोन्ही बाजू दिसणाऱ्या माणसाला वंदना म्हणता येत नाही.

तिच्या वाट्याला सुख फारसं आलं असं म्हणता येणार नाही. लग्नानंतरही ती माहेरच्या त्याच खोलीत राहिली. गिरणी बंद पडल्यावर नवरा त्याच जागेवरच्या नव्या इमारतीच्या फाटकावर वॉचमन झाला आणि पन्नाशीही न गाठता गेला. मुलगा संसार घेऊन बदलापूरला. तिच्या खोलीचं छप्पर तीन ठिकाणी गळायचं. आषाढभर टोप, परात आणि पितळी डबा अशी तीन भांडी जमिनीवर मांडलेली असायची. कोणत्या भांड्यात पाणी पडतंय ते ती पाठ न वळवता आवाजावरून ओळखायची आणि भरायच्या आधी नेमकी उठायची.

प्रसूतिगृहात एकदा बाळंतिणीचं पैंजण हरवलं आणि आळ झाडूवाल्या बाईवर आला. ती बाई त्या वेळी आपल्यासोबत होती, असं कुसुमनं लिहून दिलं. ते मागे घे, असं वरून सांगण्यात आलं. तिनं घेतलं नाही, म्हणून पुढची दोन वर्षं तिला सगळ्यात जड वॉर्ड मिळाला. मी त्याची चार ओळींची बातमी केली होती. जागेअभावी ती छापली गेली नाही, आणि मीही पुन्हा लावली नाही. कुसुमनं कधी विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्याचाही मला राग यायचा.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला हवी असायची कुसुम. मी चहाचा कप घेऊन उभी असायचे आणि ती म्हणायची, "कुसमाक हाक मार गो." कुसुम यायची, उशाशी बसायची, बोटांनीच आईचे विरळ केस मोकळे करायची. ती काही विशेष बोलत नसे. तरी आईच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होताना मी पाहिली आहे. मुलगी मी होते.

खाली, जिन्याखालच्या तिरक्या जागेत तारामावशी राहायची. तिचा नवरा चाळीचा रखवालदार होता. तो गेला, ती राहिली. ताठ उभं राहता येईल इतकी उंची तिथे एकाच कोपऱ्यात होती. वरळी कोळीवाड्यातून सुके बोंबील आणि जवळा आणून ती जिन्याच्या तोंडाशी विकायची, त्यामुळे चाळीत शिरणाऱ्याला आधी तिचा वास भेटायचा, मग ती. तिच्या भिंतीवर खिळ्यांच्या चार ओळी होत्या, प्रत्येक खिळ्याखाली खडूनं लिहिलेला खोलीचा नंबर. चाळीतल्या बत्तीसही बिऱ्हाडांची जादा चावी तिथे लटकायची. मुलं शाळेतून आली, कुणी गावाला गेलं, कुणाचं दार ओढलं गेलं, की पाय आपोआप तिच्याकडे वळायचे. चाळीचा रिवाज होता तो, कुणी घालून दिलेला नव्हता.

चाळीच्या पुनर्विकासाचं ठरलं आणि पात्र रहिवाशांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रातली बाई चूक करणार नाही, असा सगळ्यांचा विश्वास. मलाही तो होता. बत्तीस दारांवर जाण्यापेक्षा मी तारामावशीकडे स्टुलावर बसले. ती खिळ्यावर बोट ठेवून नंबर सांगायची, नाव सांगायची, बाप आणि नवरा सांगायची, मी लिहायचे. मधे तिनं चहा केला. एकाही नावात चूक निघाली नाही. खाली मी लिहिलं, 'वरील यादी पडताळून पाहिली आहे', आणि सही केली.

तिच्या स्वतःच्या जागेसाठी भिंतीवर खिळा नव्हता. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मला ती चूक दिसली. ज्या नजरेनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या ती घरी आल्यावर आंधळी होत नाही. मी आमच्या समितीचे सेक्रेटरी परब यांना सांगितलंही. ते म्हणाले की म्हातारीकडे भाडेपावती नाही, कागद नसलेलं नाव घातलं तर सगळी यादी अडकेल, आणि सगळ्यांच्या सह्या वेळेत झाल्या नाहीत तर बिल्डर दुसरी चाळ बघेल. मी तिथेच थांबले. माझ्यासारख्या साठीला आलेल्या बाईला घरात संडास हवा असतो. ही इच्छा मला आजही क्षुद्र वाटत नाही. त्या इच्छेपायी मी काय केलं, तेवढंच नोंदवते आहे.

रविवारी दुपारी चाळीच्या चौकात सह्यांसाठी टेबल मांडलं. पौर्णिमा होती, म्हणून कुसुम पांढऱ्या साडीत आली होती. निवृत्तीनंतर त्या साड्या तिनं पौर्णिमेपुरत्या ठेवल्या होत्या. एकतीस सह्या झाल्या, माझी चौथी. कुसुमनं यादी वाचली, बोट ठेवून, खालपर्यंत. मग पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

"कुसुमताई, तुमची सही राहिली," परब म्हणाले.

"यादीत तारामावशी नाय."

"अहो, ती भाडेकरू नाही. जिन्याखाली राहते नुसती."

"राहते ना," कुसुम म्हणाली. "मग लिहा."

आधी लोक हसले. कुणी म्हणालं, स्वतःचं छप्पर गळतंय आणि बाई दुसऱ्याला छत्री धरतेय. मग आवाज बदलले. शील शिकवायचं तर विहारात शिकवा, इथं नको, असं दुसऱ्या मजल्यावरचे सावंत म्हणाले, आणि त्यावर कुणीच हसलं नाही. तारामावशी जिन्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "अगो, कर ना सही. माझं काय, आज हाय, उद्या नाय." कुसुमनं तिच्याकडे न बघता म्हटलं, "मावशे, तू गप बस."

मी तिसऱ्या खुर्चीवर होते. मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी तिच्या हाताकडे बघत राहिले.

पुढचे काही महिने चाळ तिच्याशी बोलली नाही. तिची बादली नळाच्या रांगेत मागे सरकवली जायची. मुलाचे बदलापूरहून फोन यायचे, आणि भिंतीपलीकडून मला तिचं एकच उत्तर ऐकू यायचं, "बघू रे." मी कान देऊन बसायचे. ती रडेल, चिडेल, निदान पौर्णिमेची वंदना एकदा तरी चुकेल, असं मला वाटायचं. खरं लिहायचं तर मी त्याची वाट पाहत होते. आवाज तसाच येत राहिला, रेघेसारखा, आणि सकाळचा तो फटकाराही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी ती माझ्या दारात आली. हातात निळी पुठ्ठ्याची फाइल. ती एकेका दाराशी गेली होती. तारामावशीला न्याय द्या, असं तिनं कुणालाच म्हटलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की तुमची चावी मावशीकडे कधीपासून आहे, तेवढं एका ओळीत लिहून द्या. न्यायाबद्दल माणसांचे मतभेद होतात. आपली चावी कुठे टांगलेली आहे याबद्दल होत नाहीत. फाइलमध्ये तीस ओळी होत्या. काही थरथरत्या अक्षरातल्या, काही नातवंडांनी इंग्रजीत लिहिलेल्या. एक सावंतांची, तारखेसह. मावशी जिन्याखाली किती काळ राहते याचा पुरावा चाळीनं स्वतःच्याच हातानं लिहून दिला होता. पुरावा कशाला म्हणतात हे सांगण्यावर माझं पोट चाललं, आणि हे सुचलं मात्र तिला. ती फाइल पाहताना माझ्या छातीत जे जळजळून उठलं ते कौतुक नव्हतं.

"नीला, तुझी ओळ राहिली," ती म्हणाली.

मी पेन शोधू लागले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"तू खिळे बघून यादी करत होतीस तेव्हा मी जिन्यातच होते. मला वाटलं, वर जाऊन तिचं नाव लिहिशील."

मी विचारलं की मग सगळ्यांसमोर तसं का बोलली नाहीस.

"यादी चुकली होती. तुझं नाव घेऊन ती दुरुस्त झाली असती काय?"

तिच्या आवाजात क्षमा नव्हती, टोमणाही नव्हता. असता तर माझ्याकडे त्याला उत्तर होतं. मी लिहिलं, 'मी शाळेत जात होते तेव्हापासून आमच्या खोलीची चावी तारामावशींकडे असते, कारण त्या कायम तिथेच असतात.' एवढ्या एका वाक्यासाठी मी तीन कागद फाडले. तिनं शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, कागद फाइलमध्ये ठेवला आणि बत्तिसावी ओळ, स्वतःची, लिहायला निघून गेली.

परबांनी ती फाइल यादीला जोडली, आणि माघ संपताना सुधारलेली यादी आली. तेहेतिसावं नाव तारामावशीचं. परबांनी चौकात वाचून दाखवलं. कुसुमनं पेनाचं टोपण काढलं, सही केली, टोपण लावलं, आणि ऊन कलायच्या आत तारेवरची साडी काढायला वर गेली. टाळ्या वाजल्या तेव्हा ती जिन्यात होती.

वैशाखात चाळ रिकामी झाली. जाताना प्रत्येकानं खिळ्यावरून आपली चावी नेली, मीही नेली. कुसुम बदलापूरला मुलाकडे गेली. नव्या इमारतीचा पाया भरला जात होता त्या हिवाळ्यात ती तिथे वारली, दोन दिवसांच्या तापानं. मला कळलं ते चाळीच्या ग्रुपवरून. सावंतांनी लिहिलं होतं की आपली कुसुमताई गेली. 'आपली' हा शब्द मी बराच वेळ पाहत बसले.

मग मी माहीमला गेले. बाजारामागच्या भाड्याच्या खोलीत तारामावशी नव्या घराची वाट बघत राहते. तिच्या भिंतीवर एकच खिळा, खाली खडूनं नंबर, आणि वर कुसुमची चावी. ते दार आता नाही, ती भिंत नाही, तो मजला जिथे होता तिथे नुसतं आकाश आहे. मावशी म्हणाली की कुसुमनं चावी नेलीच नाही. "म्हणाली, मावशे, असू दे तुझ्याजवळ. नवी मिळाली की बदलून टाक." माझी पर्समध्ये होती. मावशीनं ते कसं ओळखलं कोण जाणे. म्हणाली, तुझी पण दे, बाजूला खिळा मारते.

मी दिली नाही. पुढच्या खेपेला देईन, असं म्हणाले.

सध्या मी दादरला भाड्यानं राहते. खिडकी पूर्वेला आहे. हिवाळ्यात सकाळचं ऊन थेट भिंतीवर येऊन पडतं, मधे काहीच नसतं, आणि डोळ्यांना ते सोसत नाही. माणूस गेल्यावर काळ त्याची जागा भरून काढतो, असं वाक्य मृत्युलेखांत अनेकदा माझ्या हाताखालून गेलं आणि दर वेळी मी ते तसंच जाऊ दिलं. आता आलं, तर खोडेन.