बॅनरमनच्या ओळीखाली योगिनीचे नाव

माझ्यावर चार ओळी, चार खिळे आणि एक रिकामी जागा होती. मित्रांनो, मी पडेगावच्या मैदानावरचा जुना सागवानी फळा आहे, आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

दाराच्या उरलेल्या लाकडातून सुताराने मला घडवले. पंच रामहरीकाकांनी माझ्यावर कसोटी क्रिकेटमधले पहिले पराक्रम रंगवले. १८७७, बॅनरमन, १६५, पहिले शतक. १८८४, मर्डॉक, २११, पहिले द्विशतक. १९३०, सँडहॅम, ३२५, पहिले त्रिशतक. १९३३, लाला अमरनाथ, ११८, भारताचे पहिले शतक. खालची जागा त्यांनी या मैदानावर पहिले अर्धशतक करणाऱ्या मुलीसाठी सोडली. तेव्हा मुले माझ्यासमोर थांबून वाचत. काका वारले आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले.

यंदा योगिनीने ६१ धावा केल्या. मग चेंडू बोटावर बसला, हाड मोडले, तिला बाहेर जावे लागले. संघ ८८ वर आटोपला. आमच्या गल्लीत एक नियम चालतो: लागून बाहेर गेला त्याचा डाव अर्धा, आणि अर्ध्या डावाच्या धावा नावावर चढत नाहीत. मैदान सांभाळणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांनी तोच नियम लावला. पुढच्या सामन्यात त्यांची भाची मोनिका हिने ५२ केल्या. लगेच रंगारी आला आणि त्याने माझ्या रिकाम्या जागेत मोनिकाचे नाव रंगवले.

योगिनीची आई बानाबाई शेजारच्या माळावर शेळ्या चारते. ती कुंपणापाशी आली.

"नानासाहेब, लेकीचं बोट मोडलं. धावा बी मोडल्या का?"

"अर्ध्या जेवणातून उठलेल्याला पंगतीचा मान नसतो, बाई," नानासाहेब म्हणाले.

मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. बॅनरमनच्या ओळीच्या शेवटी काकांनी बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'बोटाला लागून निवृत्त.' त्याचे शतक कुणी पुसले नाही. आणि त्याच ओळीखाली उभे राहून ही शिकलेली माणसे एका मुलीच्या धावा गिळत होती.

ती अक्षरे तिथेच उभ्या असलेल्या मोनिकाने वाचली. रंग ओला होता. तिने माझ्यावरचा टॉवेल ओढला आणि स्वतःचे नाव पुसले.

"मामा, या बॅनरमनला पंगतीत बसवलंय. मग योगिनीला का नाय?"

नानासाहेबांनी रंगाऱ्याला खूण केली. रंगाऱ्याने योगिनीचे नाव लिहिले.

मित्रांनो, मला पॉलिश नको, छप्पर नको. टॉवेल टाकण्याआधी मला एकदा वाचा.

जाताना मोनिकाने खडूने तळाशी हिशेब मांडला. बॅनरमन: संघाच्या २४५ पैकी १६५, म्हणजे ६७.३ टक्के. योगिनी: ८८ पैकी ६१, म्हणजे ६९.३ टक्के.